वाचकांचे प्रश्न : डबलकॉर्टिन, गुळगुळीत मेंदू आणि फिट

मागच्या अंकात गर्भातल्या मेंदूच्या घडणीवर लेख होता. त्यात डबलकॉर्टिन नावाच्या प्रथिनाचा आणि ते तयार करणाऱ्या डीसीएक्स जनुकाचा उल्लेख जेमतेम दोन ओळींचा होता, पण पत्रं आली ती नेमकी त्याच दोन ओळींवर. बहुतेक पत्रं घरात असं लेकरू असलेल्यांची आहेत, काही विद्यार्थ्यांची. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावं काढली आहेत. औषधांची मात्रा जिथं दिली आहे ती डॉक्टरांचं बोलणं समजावं म्हणून दिली आहे. तिच्या आधारानं स्वतःहून औषध कमी-जास्त करू नये.

लेकरू ७ महिन्यांचं झालं, अजून मान धरत नाही. एमआरआयच्या रिपोर्टवर ‘लिसेनसेफली’ लिहिलंय. पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी तर नॉर्मल होती. तेव्हा दिसलं कसं नाही? सोनोग्राफीवाल्याची चूक म्हणायची का?
— एक आई, ता. केज

बहुधा नाही. लिसेनसेफली म्हणजे वळ्या न पडलेला, गुळगुळीत मेंदू. १८ ते २० आठवड्यांना प्रत्येकच बाळाचा मेंदू बाहेरून गुळगुळीत असतो. वळ्या आणि खाचा त्यानंतर पडू लागतात आणि ठळक होतात शेवटच्या तीन महिन्यांत. त्यामुळे पाचव्या महिन्याच्या तपासणीत निरोगी मेंदू आणि लिसेनसेफलीचा मेंदू यांत फरक दिसेलच असं नाही. पुढं २३-२४ आठवड्यांना मेंदूच्या बाजूची मोठी खाच उथळ राहिलेली दिसली तर शंका घेता येते. पक्कं निदान सहसा २८ ते ३० आठवड्यांच्या पुढं, गर्भाचा एमआरआय केल्यावर होतं. घरात आधी असं बाळ झालेलं नसेल तर इतकी तपासणी कुणी करतही नाही.

आता मूळ बिघाड काय असतो ते. मेंदूच्या कॉर्टेक्समधल्या, म्हणजे सर्वांत बाहेरच्या थरातल्या चेतापेशी तिथं जन्मत नाहीत. त्या आत, पाण्याच्या पोकळ्यांच्या भिंतीलगत जन्मतात आणि तिथून बाहेरपर्यंत चालत जातात. हा प्रवास मुख्यतः गर्भाच्या १२ ते २४ आठवड्यांत होतो. आधी निघालेल्या पेशी खालचे थर धरतात, नंतरच्या त्यांना ओलांडून वर जातात. असे ६ थर लागतात. प्रवास अर्ध्यात अडला तर पेशी वाटेतच गठ्ठ्यानं बसतात, ६ ऐवजी ४ ओबडधोबड थर होतात. एरवी २ ते ४ मिलिमीटर असणारा कॉर्टेक्स १० मिलिमीटरहून जाड होतो आणि त्याला वळ्या पडत नाहीत.

डबलकॉर्टिन या चालण्याला लागतं. पेशी आधी पुढं एक लांब शेपूट काढते आणि मग केंद्रक त्या दिशेला ओढून घेते. त्या शेपटात सूक्ष्मनलिकांचा सांगाडा असतो. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या १३ उभ्या माळा शेजारी-शेजारी लागून एक नलिका होते. डबलकॉर्टिन दोन माळांमधल्या खाचेत बसून ही नलिका टिकवून धरतं. ते नसेल तर शेपटाला नको तिथं फाटे फुटतात आणि केंद्रक मागंच राहतं. म्हणजे या आजारात चेतापेशी जन्मलेल्या असतात, संख्येनंही पुष्कळ असतात. त्या जागेवर पोचलेल्या नसतात, एवढंच.

निदान झालं आहे, उपचार ठरले आहेत. मग जनुक तपासणीत आणखी पैसे कशाला घालायचे? त्यानं लेकराचं औषध बदलणार आहे का?
— एक वडील, जालना

लेकराचं औषध बहुतेक वेळा बदलत नाही, हे खरं आहे. तपासणी करायची ती पुढच्या बाळासाठी, लेकराच्या बहिणीसाठी आणि मावशीसाठी. ‘लिसेनसेफली’ हे मेंदू कसा दिसतो त्याचं वर्णन आहे. कारण कुठलं, ते त्यातून कळत नाही आणि कारणानुसार पुढचा धोका पार बदलतो.

लिस-वन हे जनुक १७ व्या गुणसूत्रावर आहे. ते १९९३ मध्ये सापडलं. त्यातला बिघाड बहुधा बाळात नव्यानं झालेला असतो आणि पुढच्या बाळाला धोका फार कमी असतो. पण त्याच जागेचा मोठा तुकडा गळालेला असेल तर आई-वडिलांचं कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची पाहणी, करावंच लागतं. एखाद्या घरात आई किंवा वडील यांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले असतात, त्यांना स्वतःला काही त्रास नसतो, आणि मग धोका बराच वाढतो. डीसीएक्स एक्स गुणसूत्रावर आहे. ते १९९८ मध्ये दोन संशोधक गटांनी वेगवेगळं शोधलं. तिथं आई वाहक असू शकते, म्हणजे बिघडलेली प्रत तिच्याकडं असू शकते. ट्युब्युलिनच्या जनुकांतले बिघाड बहुधा नवे असतात. रीलिन नावाच्या आणखी एका प्रथिनाच्या जनुकाचा प्रकार आई-वडील दोघांकडून येतो. तिथं दर गरोदरपणात धोका २५ टक्के.

एमआरआयवरून अंदाज बांधता येतो. गुळगुळीतपणा पुढच्या, कपाळाच्या बाजूला जास्त असेल तर डीसीएक्सचा संशय, मागच्या बाजूला जास्त असेल तर लिस-वनचा. लहान मेंदूही फारच छोटा असेल तर रीलिन किंवा ट्युब्युलिन. म्हणून नमुन्यासोबत एमआरआयचा नुसता कागद पाठवू नका, सीडी पाठवा. फिट कधी सुरू झाली आणि दोन्हीकडच्या तीन पिढ्यांत कुणाला फिट, मतिमंदता, वारंवार गर्भपात किंवा लहानपणी गेलेली मुलं होती का, हेही लिहून द्या. आईच्या माहेरचं विशेष विचारून घ्या. आमच्याकडं आलेल्या पत्रांत वडिलांकडची माहिती पानभर असते आणि आजोळचा रकाना कोरा. डीसीएक्ससाठी नेमका तोच लागतो.

रक्त २ ते ४ मिलिलिटर, ईडीटीएच्या जांभळ्या टोपणाच्या बाटलीत. हिरव्या टोपणाच्या बाटलीत हेपारिन असतं आणि ते डीएनएच्या तपासणीत अडथळा आणतं. मात्र कॅरिओटाइपला हिरवीच लागते. दोन्ही तपासण्या असतील तर दोन बाटल्या. बाटली भरल्यावर ८-१० वेळा हलकेच उलटीपालटी करा, गुठळी झाली तर नमुना वाया. रक्त फ्रीझरमध्ये ठेवायचं नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२ च्या पुढं जातो, कुरिअरच्या गाडीत त्याहून जास्त, म्हणून थर्माकोलच्या डब्यात गार जेल पॅक ठेवून, बाटली त्याला थेट चिकटणार नाही अशी गुंडाळून पाठवावी. शनिवारी पाठवू नका. लेकराला नुकतंच रक्त चढवलं असेल तर लॅबला आधी सांगा.

तपासणी कोणती, हेही विचारा. नुसती जनुकाची अक्षरं वाचणारी तपासणी केली तर मोठे गळालेले तुकडे सुटतात. त्यासाठी एमएलपीए नावाची तपासणी किंवा तुकड्यांची मोजणी वेगळी करावी लागते. बिघाड शरीरातल्या काहीच पेशींत असेल तर तो रक्तात १०-१५ टक्के वाचनांतच दिसतो आणि वरवरच्या विश्लेषणात गळून जातो. अहवालात बदल ‘रोगकारक’ की ‘अनिश्चित अर्थाचा’ ते पाहा. अनिश्चित अर्थाच्या बदलावर गर्भाबद्दलचा कुठलाही निर्णय घ्यायचा नसतो. आधी तोच बदल आई-वडिलांत आहे का ते तपासायचं.

नांदेड, लातूर, धाराशिवकडच्या लोकांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ पडतं. तिथल्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये वैद्यकीय आनुवंशिकी विभाग आहे. मुंबईत केईएम हे राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणातलं एक केंद्र आहे.

आमचं लग्न नात्यातलं आहे, मामाच्या मुलीशी. दोन्ही घरची माणसं म्हणू लागली की त्यामुळंच लेकरू असं झालं. सासूबाईंचं म्हणणं, ग्रहणात विळी हातात धरली म्हणून. खरं काय?
— एक वाचक, परभणी

ग्रहणाचा काडीचाही संबंध नाही. नात्यातल्या लग्नाचं उत्तर मात्र जनुकावर अवलंबून आहे.

मामाची मुलगी आणि आत्याचा मुलगा यांच्यात सरासरी आठवा हिस्सा जनुकं एकाच पूर्वजाकडून आलेली असतात, मामा-भाचीच्या लग्नात चौथा. ज्या आजाराला दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, तो अशा घरात जास्त दिसतो. रीलिनचा प्रकार त्यातलाच. डीसीएक्सचं तसं नाही. मुलाला एक्स गुणसूत्र एकच असतं आणि ते आईकडून येतं. त्या एका प्रतीत बिघाड असला की पुरे. नवरा नात्यातला असो की परक्या घरातला, काही फरक पडत नाही. लिस-वनलाही नाही.

म्हणून तुमच्या घरात तपासणीचा अहवाल हातात येईपर्यंत कुणीच कुणाकडं बोट दाखवू नये. अहवालात डीसीएक्स आला तर नात्यातल्या लग्नाचा मुद्दा निकालात निघतो. पण तेव्हा बोट लगेच आईकडं वळतं, तेही थांबवायला हवं. पुष्कळदा बिघाड आईत नसतोच, तो बीजांडात नव्यानं झालेला असतो. आणि आई वाहक असली तरी तो तिनं मागून आणलेला नसतो.

मोठी मुलगी दहावी पास आहे, तिला १२ व्या वर्षापासून फिट येते. धाकटा मुलगा ४ वर्षांचा, बसतसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले दोघांना एकच बिघाड आहे. एकच बिघाड असून इतका फरक कसा?
— नाव नको, ता. मुखेड

मुलीला एक्स दोन, मुलाला एक. गर्भ अगदी लहान असतानाच मुलीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स कायमचं गप्प होतं. कुठलं व्हावं याला नियम नाही. त्यामुळे तिच्या मेंदूत चांगलं एक्स चालू असलेल्या पेशी नीट बाहेर पोचल्या आणि त्यांनी बऱ्यापैकी घडीचा कॉर्टेक्स तयार केला. बिघडलेलं एक्स चालू असलेल्या पेशी वाटेत अडकल्या आणि कॉर्टेक्सच्या खाली त्यांचा दुसरा पट्टा झाला. एमआरआयवर तो पांढऱ्या भागात राखाडी पट्टी म्हणून दिसतो. पट्टा पातळ असेल तर बुद्धी चांगली राहू शकते, जाड असेल तर शिकणं अवघड जातं. फिट मात्र अशा बहुतेक मुलींना येते आणि पुष्कळदा एका औषधानं आटोक्यात येत नाही. मुलाकडं पर्यायी एक्स नाही, त्यामुळे सगळ्याच पेशी अडकल्या.

मुलीचा लहानपणीचा एमआरआय नॉर्मल असेल तर पुन्हा करा. साधारण ६ ते १८ महिन्यांच्या वयात मेंदूतलं चरबीचं आवरण तयार होत असतं, राखाडी आणि पांढरा भाग सारखाच दिसतो आणि पातळ पट्टा त्यात लपतो. २ वर्षांनंतर, शक्यतो ३ टेस्लाच्या यंत्रावर, पातळ कापांचा करावा. सीटी स्कॅनवर पातळ पट्टा सुटतो.

तुमच्या घरात दोन लेकरांना तोच बिघाड आहे, म्हणजे आई वाहक आहे किंवा तिच्या काही बीजांडांत तो आहे, असं धरून चालायचं. आईचा एमआरआय आणि रक्त दोन्ही नॉर्मल आलं तरी दुसरी शक्यता उरतेच.

पहिला मुलगा डीसीएक्समुळं गेला. पत्नीत तो बदल सापडला आहे. दुसऱ्या बाळाचा विचार आहे. पोटात असताना तपासता येतं का? लिंगनिदानाचा कायदा आड येतो का?
— एक वाचक, लातूर

तपासता येतं आणि कायदा आड येत नाही. १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यात ज्या कारणांसाठी गर्भाची तपासणी करता येते त्यांत लिंगाशी निगडित आनुवंशिक आजार स्पष्टपणे आहेत. नोंदणीकृत केंद्रातच करायची, पत्नीची लेखी संमती तिला समजेल अशा भाषेत घ्यायची आणि तिची प्रत तिला द्यायची, हे बंधन आहे. लिंग कुणी सांगणार नाही, तुम्हीही विचारू नका. अहवालात तो ठरावीक बदल गर्भात आहे की नाही याची नोंद येते.

वाहक आईच्या दर गरोदरपणात चार शक्यता असतात आणि चारही सारख्या, २५-२५ टक्क्यांच्या. बाधित मुलगा, निरोगी मुलगा, बदल असलेली मुलगी, बदल नसलेली मुलगी. आधी काय झालं त्याचा पुढच्या वेळेवर परिणाम नाही. एक बाधित झाला म्हणजे पुढची तीन चांगली होतील, असा हिशेब लोक करतात, तो चुकीचा आहे.

क्रम असा ठेवा. मुलाच्या अहवालातला बदल अक्षर-क्रमांकासह गरोदर राहण्याआधी हातात हवा. दिवस गेल्यावर शोधायला लागलात तर वेळ पुरत नाही, कारण सगळ्या जनुकांच्या वाचनाला काही आठवडे लागतात. माहीत असलेला एकच बदल शोधणं त्यामानानं लवकर होतं. पाळी चुकताच कळवा, ७-८ आठवड्यांची सोनोग्राफी करून तारखा पक्क्या करा. ११ ते १३ आठवड्यांना वारेचा बारीक तुकडा घेता येतो, नाहीतर १६ आठवड्यांनंतर १५ ते २० मिलिलिटर गर्भजल. दोन्हींत गर्भपाताचा धोका अनुभवी हाताखाली १ टक्क्याहून कमी. पत्नीचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर सुई घातल्यावर अँटी-डीचं इंजेक्शन विसरू नका.

इथं एक चूक महागात पडते. वारेच्या तुकड्यात आईच्या पेशी मिसळल्या आणि आई स्वतः वाहक असली, तर बाळ निरोगी असूनही बदल दिसतो. म्हणून नमुन्यासोबत आईचं ईडीटीए रक्त पाठवायचं आणि मातृपेशींची भेसळ तपासल्याचं अहवालात लिहून आलं आहे का ते पाहायचं. लिहिलं नसेल तर अहवाल अपुरा समजा.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताची मुदत ठरावीक गटांसाठी २४ आठवडे आहे. गर्भात गंभीर व्यंग असेल तर त्यापुढं वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते. वेळेवर तपासणी केली तर मंडळापर्यंत जायची वेळ येत नाही. ज्यांना गर्भपात नकोच आहे त्यांच्यासाठी टेस्ट ट्यूब पद्धतीत भ्रूण तपासून ठेवण्याची सोय आहे, ती महाग आहे आणि मोठ्या शहरांतच आहे.

बाळ ५ महिन्यांचं. झोपेतून उठलं की दोन्ही हात पुढं फेकतंय, मान झुकवतंय, एकामागं एक १५-२० वेळा. गावातले म्हणतात दचकतंय, पोटात वारा धरलाय. एमआरआयमध्ये मेंदू गुळगुळीत आहे. थांबून पाहावं का?
— एक आजी, ता. वसमत

थांबू नका आजी. हे वर्णन इन्फंटाइल स्पॅझम्सचं आहे, लिसेनसेफलीच्या बाळांत ही फिट नेहमी दिसते. ती झुबक्यानं येते, उठल्यावर येते आणि प्रत्येक झटका एक-दोन सेकंदांचा असतो, म्हणून घरच्यांना ती फिट वाटतच नाही. मोबाइलवर पूर्ण झुबक्याचा व्हिडिओ घ्या, अंगावरचं पांघरूण काढून, हात-पाय-तोंड दिसेल असा. त्याच आठवड्यात झोप आणि जाग या दोन्ही अवस्थांतला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, करून घ्या.

उपचार तीन: एसीटीएच या संप्रेरकाची इंजेक्शनं, जास्त मात्रेत प्रेडनिसोलोन किंवा व्हिगाबॅट्रिन. प्रेडनिसोलोन आपल्याकडं दर किलोमागं दिवसाला ४ मिलिग्रॅमपर्यंत देतात, थोड्या आठवड्यांसाठी. त्या काळात रक्तदाब आणि साखर तपासावी लागते, जंतुसंसर्ग पटकन होतो, आणि गोवर-रुबेला किंवा पोलिओचे थेंब यांसारख्या जिवंत लसी डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायच्या नाहीत. आशाताईंना तसं आधी सांगून ठेवा. गोळी एकदम बंद करायची नाही, उतरवत न्यायची.

व्हिगाबॅट्रिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी १० मिलिलिटर पाण्यात पूर्ण विरघळवली की १ मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम येतं. डॉक्टरांनी १५० मिलिग्रॅम लिहिलं असेल तर ३ मिलिलिटर सिरिंजनं द्यायचं, उरलेलं टाकून द्यायचं, दुपारसाठी ठेवायचं नाही. गोळीचा ‘पाव तुकडा’ करून देणं सोडा, चार तुकडे कधीच सारखे होत नाहीत. हे औषध डोळ्याच्या पडद्याला इजा करू शकतं, त्यामुळे डोळ्यांची तपासणी ठरवून घ्या.

बहिणीला कॉर्टेक्सखाली पट्टा आहे, डीसीएक्सचा अहवाल आला आहे. सोडियम व्हॅल्प्रोएटवर ३ वर्षं फिट नाही. आता लग्न जमवतोय. औषध लग्नाआधी बंद करावं का? सासरच्यांना सांगावं का?
— एक भाऊ, धाराशिव

बंद करू नका, बदलून घ्या. एकदम बंद केल्यास फिटांची रांग लागून जीव धोक्यात येतो. पण व्हॅल्प्रोएटवर गरोदर राहिल्यास जन्मजात व्यंगाचा धोका १० टक्क्यांच्या आसपास आणि मुलाची बुद्धी-वाढ मागं पडण्याचा ३० ते ४० टक्के सांगितला जातो. म्हणून लग्नाच्या निदान सहा-आठ महिने आधी मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा. बहुधा लिव्हेटिरासिटाम किंवा लॅमोट्रिजिन सुरू करून व्हॅल्प्रोएट हळूहळू उतरवतील. लॅमोट्रिजिन आठवड्याआठवड्यानं चढवावं लागतं, घाई केली तर अंगावर गंभीर पुरळ येतो. व्हॅल्प्रोएट चालू असताना तर ते आणखी सावकाश. गर्भनिरोधक गोळ्यांनी आणि गरोदरपणात त्याची रक्तातली पातळी घटते, मात्रा वाढवावी लागते. फॉलिक ॲसिड दिवस जाण्याआधीपासून, डॉक्टर साधारण ५ मिलिग्रॅम लिहितात.

सांगावं, हे आमचं स्पष्ट मत. हिंदू विवाह कायद्यातल्या लग्न रद्द होण्याच्या कारणांतून फिट येणं हे कारण १९९९ च्या दुरुस्तीनं काढून टाकलं आहे, त्यामुळे त्या भीतीनं लपवायची गरज नाही. गोळी चोरून घ्यावी लागली की चुकते, चुकली की लग्नघरातच फिट येते. शिवाय तिच्या मुलांना धोका आहे, वर लातूरच्या वाचकाला दिलेला हिशेब तिलाही लागू आहे, आणि नवऱ्याला ठाऊक नसेल तर पोटातल्या तपासणीचं नियोजन ती एकटी करू शकणार नाही.

१६ कोटींचं इंजेक्शन याला चालेल का? नाहीतर स्टेम सेल?
— बीडहून तीन पत्रं

दोन्ही नाही. ते इंजेक्शन एसएमए या आजाराचं आहे. तिथं जनुक वेगळं, एसएमएन-वन, आणि मज्जारज्जूतल्या स्नायू चालवणाऱ्या पेशी जागेवर असतात पण मरत जातात. जनुक देऊन त्या वाचवता येतात. डीसीएक्समध्ये पेशींचा प्रवासच जन्माआधी संपलेला असतो. रॅटच्या पिल्लांत जन्मानंतर डबलकॉर्टिन पुन्हा चालू केल्यावर अडकलेल्या काही पेशी पुढं सरकल्या, असा प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसासाठी त्यातून उपचार अजून निघालेला नाही. स्टेम सेलसाठी पैसे मागणाऱ्या जाहिरातीकडं वळू नका. अशा आजारांत भारतीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते फक्त मंजूर संशोधनात देता येतं आणि संशोधनात रुग्णाकडून पैसे घेत नाहीत.

एमएस्सी प्राणिशास्त्राचा प्रकल्प. रॅटच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतला स्मृतीचा भाग) डबलकॉर्टिनचं इम्युनो-रंजन (प्रतिपिंडानं रंगवणं) करतोय, नवीन चेतापेशी मोजायच्या आहेत. रंग कधी येतो, कधी सगळा काप तपकिरी होतो, कधी काहीच नाही.
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

पहिलं, वय. डबलकॉर्टिन नव्या चेतापेशीत दोन-तीन आठवडेच असतं आणि जनावर मोठं होईल तशा या पेशी झपाट्यानं घटतात. दोन महिन्यांच्या रॅटमध्ये भरपूर दिसतील, वर्षाच्या रॅटमध्ये शोधाव्या लागतील. दोन गटांत वयाचा थोडाही फरक असेल तर तुमचा निकाल वयाचाच असेल.

दुसरं, फिक्सेशन. हृदयातून आधी गार पीबीएस (फॉस्फेटचं खारं द्रावण), यकृत पांढरं पडेपर्यंत, मग ताजं बनवलेलं ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड. मेंदू त्याच द्रावणात ४ अंशांना एक रात्र, त्याहून जास्त नाही. मग ३० टक्के साखरेच्या द्रावणात तळाला बसेपर्यंत. शुक्रवारी मेंदू काढून सोमवारपर्यंत फॉर्माल्डिहाइडमध्ये ठेवला की रंग जातो. माणसाच्या मेंदूत मोठेपणी नव्या चेतापेशी बनतात का, यावर २०१८-१९ मध्ये जो वाद झाला त्यातही मृत्यूनंतर किती वेळानं ऊती फिक्स झाली आणि किती काळ तशी राहिली, हाच एक कळीचा मुद्दा होता.

४० मायक्रॉनचे काप तरंगते ठेवून करा. जास्त फिक्स झालेले असतील तर सायट्रेट बफर, पीएच ६, ८० अंशांना २०-३० मिनिटं. पेरॉक्सिडेज पद्धत असेल तर आधी ०.३ ते १ टक्का हायड्रोजन पेरॉक्साइड, नाहीतर लाल रक्तपेशी तपकिरी होतात. ०.३ टक्के ट्रायटन, ५ टक्के सीरम, १ तास. सगळा काप तपकिरी होण्याचं नेहमीचं कारण इथं आहे. प्राथमिक प्रतिपिंड शेळीत बनवलेलं असेल आणि तुम्ही शेळीच्याच सीरमनं ब्लॉक केलं, तर दुय्यम प्रतिपिंड त्या सीरमलाच चिकटतं. गाढवाचं सीरम वापरा. प्राथमिक १:२०० ते १:१००० मध्ये पाहून ठरवा, ४ अंशांना रात्रभर, हलवत. एका कापात प्राथमिक टाकूच नका, तो तुमचा नियंत्रण-काप. घ्राणकंदाकडं जाणारी पेशींची वाट त्याच मेंदूत असते. ती गडद आली आणि हिप्पोकॅम्पस कोरा असेल तर रंजन बरोबर आहे, पेशीच कमी आहेत. दोन्ही कोरे असतील तर चूक टेबलावर आहे.

मोजताना हिप्पोकॅम्पसमधल्या डेंटेट गायरस या भागाच्या दाणेदार थराच्या आतल्या कडेच्याच पेशी घ्या, ठरावीक अंतरानं प्रत्येक सहावा काप, आणि काप कुठल्या गटाचा हे मोजणाऱ्याला ठाऊक नसावं. प्राण्यांच्या नीतिसमितीचा मंजुरी क्रमांक प्रबंधात हवा.

हो, एक अडचण परीक्षक विचारतील. डीसीएक्स काढून टाकलेल्या माउसचा कॉर्टेक्स जवळपास नीट असतो, बिघाड मुख्यतः हिप्पोकॅम्पसमध्ये दिसतो. कारण त्याच कुळातलं दुसरं प्रथिन काम भागवतं. दोन्ही काढली की कॉर्टेक्सही बिघडतो. त्यामुळे माउसमध्ये काही झालं नाही म्हणून माणसात हे जनुक बिनमहत्त्वाचं, असं लिहू नका.

कागदपत्रं कुठली काढायची?
— एक वाचक, अंबाजोगाई

युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, आधी, बाकी सगळं त्यावर मिळतं. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात फिजिओथेरपी आणि खाण्या-गिळण्याचं प्रशिक्षण मिळतं. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत बौद्धिक अपंगत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता आणि बहुविकलांगता यांना वर्षाला १ लाखापर्यंत आरोग्य संरक्षण आहे, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. प्रमाणपत्रावर नुसतं ‘फिट’ न लिहिता यांपैकी लागू असेल ते लिहिलं गेलं आहे का ते पाहून घ्या. मूल १८ चं झालं की पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडं अर्ज लागतो.

फिट आली की घरचे चप्पल हुंगवतात, दातांत चमचा घालतात. काय करावं?
— अनेक पत्रं

चप्पल-कांद्यानं फिट थांबत नाही, ती बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय चपलेला जातं. चमच्यानं दात तुटतात. कुशीवर झोपवा, तोंडातली लाळ बाहेर गळू द्या, पाणी पाजू नका, घड्याळ पाहा. ५ मिनिटांवर गेली तर नाकात मिडाझोलामचा फवारा, साधारण दर किलोला ०.२ मिलिग्रॅम. १० किलोच्या लेकराला २ मिलिग्रॅम, म्हणजे एका दाबाला ०.५ मिलिग्रॅम निघणारी बाटली असेल तर एकेका नाकपुडीत दोन-दोन दाब. बाजारात एका दाबाला १.२५ मिलिग्रॅमचीही बाटली मिळते, म्हणून किती दाब द्यायचे ते डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घेऊन बाटलीवर चिकटवा. नवी बाटली आधी हवेत दोन-तीनदा दाबून घ्या, नाहीतर पहिला दाब कोरडा जातो. लेकराचं वजन वाढलं की आकडा बदलतो, दर तपासणीला विचारा. फवाऱ्यानंतरही फिट चालू असेल तर १०८ ला फोन.

रोजच्या औषधाबद्दलही एक. व्हॅल्प्रोएटचं सिरप ५ मिलिलिटरला २०० मिलिग्रॅम असतं आणि घरातल्या चमच्यात ३ मिलिलिटरही मावतं, ८ ही. सुई काढलेली सिरिंज वापरा.